जुनी गाडी स्टार्ट होत नाही? सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

पद्मिनी, अँबॅसिडर, मारुती ८००, ओम्नी, जुनी जीप, पहिल्या पिढीतली इंडिका. अशा गाड्या जपणारी माणसं सोलापुरात आणि आसपासच्या गावांत अजून बरीच आहेत. त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ज्यांचे त्यांच्याच शब्दांत ठेवले. एक विनंती आधीच करतो: तपासणी झाल्याशिवाय नवा पार्ट घेऊ नका. निदान चुकल्यामुळे लोकांचे जेवढे पैसे वाया जातात, तेवढे खऱ्या बिघाडापायी जात नाहीत.

१. गाडी चालू होईना. सुरुवात कुठून करू?

सुरुवात कानापासून करा. किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं का, एवढंच आधी ठरवा. फिरत नसेल किंवा रडत रडत फिरत असेल, तर भानगड बॅटरी, वायर, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये (इंजिन फिरवणाऱ्या मोटरमध्ये) आहे. प्लग आणि कार्बोरेटरला (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) हातसुद्धा लावू नका. प्रश्न २ ते ४ बघा. जोमाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट (प्लगची ठिणगी), पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) या चारपैकी काहीतरी कमी पडतंय. प्रश्न ५ पासून पुढे वाचा. गाडी डिझेलची असेल तर थेट प्रश्न १४.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान एक मिनिट थांबा. एका बिघाडासाठी धडपडताना सेल्फ जाळून दुसरा बिघाड ओढवून घेतलेले कितीतरी जण मला भेटले आहेत.

२. किल्ली फिरवली की नुसतं 'टक' होतंय. सेल्फ गेला का?

बहुतेक वेळा नाही. आधी आवाज नीट ऐका. 'टकटकटकटक' अशी भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा स्विच) ओढला जातोय, पण करंट कमी पडून लगेच सुटतोय. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत 'टक' होऊन सगळं गप्प, तर तीन शक्यता: अर्थिंग खराब, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेले, किंवा सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) झिजलेले.

हेडलाइट लावून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवे एकदम विझले तर बॅटरी किंवा टर्मिनल. थोडेसेच मंदावले आणि 'टक' झालं, तर पुढे बघायचं.

टर्मिनल वरून घट्ट दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. काढा, आतला पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने शिसं चकाकेपर्यंत घासा, बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

मग अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला आणि बॉडीतून इंजिनला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी गंजली की सेल्फला परतीची वाटच उरत नाही. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. फिरला तर दोष पट्टीत. मल्टिमीटर असेल तर एक टोक निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनवर ठेवा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं, तर पट्टी बदला.

माझ्या पद्मिनीच्या बाबतीत एका गॅरेजने आधी बॅटरी बदलायला लावली, मग सेल्फचं काम काढलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी गिअरबॉक्सजवळची ती विणलेली तांब्याची पट्टी हातात घेतली, तर तिची भुकटी झाली. तेव्हापासून मी आधी अर्थ बघतो.

सेल्फचे कार्बन अडकले असतील तर सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच टकटक केल्यावर एखाद्या वेळी फिरतो. घरी पोहोचण्यापुरता हा उपाय आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री केल्याशिवाय बॉनेटखाली हात घालू नका.

३. बॅटरी चांगली आहे की गेली, घरच्या घरी कसं कळेल?

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या बॅटरीच्या आकड्यावर थांबू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या वर टिकलं पाहिजे. नऊच्या खाली कोसळलं, तर एखादा सेल बसला असेल. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १२.५ वरच राहिलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरीसुद्धा आठवड्यात झोपेल.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की बॅटरीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि उघड्या पडलेल्या प्लेटा कायमच्या निकामी होतात. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा झाकणं उघडून बघा. प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर पाणी हवं. डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी नाही, नळाचंही नाही, त्यांतले क्षार प्लेटांवर बसतात. अॅसिड तर कधीच वरून ओतू नका. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

४. दिवे कडक लागतात, हॉर्न वाजतो, पण किल्ली फिरवली की टकसुद्धा नाही.

म्हणजे सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. सोलेनॉइडवर एक जाड केबल असते आणि एक बारीक वायर. बारीक वायरचा कॉन्टॅक्ट आधी बघा, तो सारखा निसटतो. किल्ली स्टार्टवर असताना तिथे टेस्ट लँप लागला, तर दोष सोलेनॉइड किंवा सेल्फमध्ये. नाही लागला तर इग्निशन स्विच, रिले किंवा मधली वायर. किल्लीला जड जुडगा लटकवून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाड्यांत स्विच आतून झिजलेला असतो.

सेल्फचा नुसता 'घुर्रर्र' आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही, हे दुखणं वेगळं. तिथे बेंडिक्स (सेल्फचा फ्लायव्हीलला पकडणारा गिअर) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे-मागे हलवली आणि मग सेल्फ लागला, तर रिंगच तपासा.

५. सेल्फ मस्त फिरायलाय, पण गाडी पेटतच नाही. करंट नाही की पेट्रोल नाही?

याचं उत्तर प्लग देतो. पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग खोला.

प्लग कोरडा आणि पेट्रोलचा वासही नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही, प्रश्न ७. प्लग ओला आणि वास येतोय, तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. मग करंट बघा. प्लग त्याच्या वायरमध्ये खोचा, त्याचा लोखंडी भाग इंजिनला घट्ट टेकेल असा ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळा, जाड, 'चट्चट्' आवाज करणारा स्पार्क म्हणजे करंट चांगला. पिवळट, बारीक, मधूनच येणारा स्पार्क उजेडात दिसला तरी कॉम्प्रेशनखाली टिकत नाही, तो नसल्यातच जमा धरा.

प्लग हातात धरून ही चाचणी करू नका. इन्सुलेटेड पक्कड वापरा. जवळ पेट्रोल सांडलेलं नको, कार्बोरेटरचं तोंड उघडं नको. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर हवेत लटकती ठेवून सेल्फ मारला, तर मोड्यूल उडू शकतं. म्हणून प्लग इंजिनला टेकलेलाच हवा.

प्लगचा रंगही वाचा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. काळी कोरडी काजळी असेल तर चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय.

६. प्लगला करंट येत नाही. आता पुढं कसं शोधू?

उलट्या दिशेने चाला. कॉइलमधून (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीइतकं वाढवणाऱ्या भागातून) डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या) मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढा, टोक इंजिनपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारा. तिथे दणकट स्पार्क आला तर कॉइल ठीक आहे. दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींमध्ये. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसते का, मधला कार्बन झिजलाय का, रोटरचं टोक जळालंय का, ते बघा.

कॉइलच्या वायरलाही करंट नसेल, तर किल्ली ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर टेस्ट लँप लावा. लँप लागत नसेल तर फ्यूज, स्विच आणि वायर शोधा. लागत असेल तर पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टवर, या. पद्मिनी आणि जुन्या अँबॅसिडरमध्ये सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. पॉइंट उघडझाप करताना दिसले पाहिजेत. त्यांचा रबिंग ब्लॉक, म्हणजे कॅमवर घासणारा तुकडा, हळूहळू झिजतो आणि गॅप आपोआप मिटत जातो. मग एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत आणि गाडी काही सांगता न सवरता बंद. सर्वांत जास्त उघडले असताना गॅप साधारण ०.४ मिलिमीटर हवा. फीलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डवर वेळ मारून नेता येते; नंतर गेजने लावून घ्या. तोंडं बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि मग कोरडा कागद मध्ये ओढून धूळ काढा. तेलकट बोट लावू नका.

पॉइंटवर सेल्फ मारताना मोठा निळा ठिणगीचा लोळ उठत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) गेला. कंडेन्सर स्वस्त आहे, एक डिकीत ठेवाच. फक्त नवा म्हणून चांगलाच असेल असं धरून चालू नका. बदलल्यावर बिघडलं, तर जुना परत लावून बघा.

७. करंट चांगला आहे, पण पेट्रोल येत नाही.

काटा बघून टाकीत पेट्रोल आहे असं समजू नका. जुन्या गाडीच्या टाकीतला, काट्याला जोडलेला तरंगता फ्लोट अडकलेला असतो. टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. आपल्याकडच्या धुळीत हे होतं आणि बिचारा पंप उगाच बदलला जातो.

मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत, इंजिन बंद असताना, अॅक्सिलरेटर एकदा दाबा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे; जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तुंबलं असेल. पिचकारी नाही तर चेंबर कोरडा. पंपाकडून कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. येत असेल तर फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल सोडणारी झडप) चिकटलीय. कार्बोरेटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. येत नसेल तर फिल्टर, पाइप, पंप या क्रमाने. टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी पाइपला चीर असेल तर गळती दिसत नाही, कारण तिथून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. दहा-बारा वर्षांचा पाइप तपासत बसू नका, सरळ बदला.

हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करा. विडी-सिगारेट लांब ठेवा.

८. पेट्रोलचा भपकारा येतोय आणि गाडी चालूच होत नाही.

प्लग भिजले. अॅक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबा, तसाच धरा, पंपासारखा वर-खाली करू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. हवा जास्त जाऊन पेट्रोल सुकतं. नाही झालं तर पंधरा मिनिटं थांबा किंवा प्लग काढून पुसून वाळवा. चोक ओढलेला राहिला नाही ना, तेही बघा. सोलापुरात वर्षाचे दहा महिने चोकची फारशी गरज पडत नाही. रोजच असं होत असेल तर फ्लोटची लेव्हल किंवा सुई खराब आहे.

९. सकाळी एका सेल्फला चालू होते. तुळजापूरचा घाट चढून गेलो, दर्शन घेऊन अर्ध्या तासात आलो, तर चालूच होईना. संध्याकाळी परत ठणठणीत!

एप्रिल-मे मध्ये सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही. आधी आणखी चढतं. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनमधली सगळी धग पंप, पाइप आणि कार्बोरेटरमध्ये शिरते. बंद केल्यानंतरची पंधरा ते तीस मिनिटं सगळ्यात वाईट. म्हणून लगेच सेल्फ मारला तर चालू होते, दोन तासांनीही होते, मधल्या अर्ध्या तासातच अडते.

या वेळात दोन उलट गोष्टी होऊ शकतात. एक, पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही, म्हणून कार्बोरेटर कोरडा पडतो. हा व्हेपर लॉक. दोन, कार्बोरेटरमधलंच पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडे जाणाऱ्या नळीत) सांडतं आणि इंजिन भिजतं. ओळख नाकाने होते: वास नाही तर पहिलं, भपकारा आहे तर दुसरं. दुसऱ्याला प्रश्न ८ चा उपाय लागू. पहिल्याला बॉनेट उघडा, पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपवर ओला पंचा गुंडाळा आणि दहा मिनिटं सावलीत बसा. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका, डिस्ट्रिब्युटरवर थेंबही पडू देऊ नका.

कायमचा इलाज हवा असेल तर तीन जागा बघा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकलाइटचा जाड तुकडा असतो, तो उष्णता अडवतो. गॅस्केट बदलताना तो फुटतो आणि पुष्कळदा त्याच्या जागी नुसतं कागदी गॅस्केट बसवलं जातं. सायलेन्सरच्या बाजूचा पत्र्याचा आडोसा काढून टाकलेला असतो. आणि पेट्रोलचा पाइप सरकून गरम लोखंडाला टेकलेला असतो. हे तिन्ही नीट केलं की उन्हाळ्यात पंढरपूर, अक्कलकोट बिनधास्त फिरा.

पण पंचा गुंडाळण्याआधी करंट बघून घ्या (प्रश्न ५). कॉइल तापल्यावर आतली वेटोळी सोडते आणि थंड झाल्यावर परत जुळते. लक्षण हुबेहूब तेच. कॉइलला हात लावून चटका बसत असेल आणि त्याच वेळी स्पार्क पिवळा असेल, तर दोष पेट्रोलचा नाही. तिसरी शक्यता तापलेल्या सेल्फची, पण तेव्हा इंजिन मुळात फिरतच नाही. मग प्रश्न २.

१०. पहिल्या पावसात गाडी हमखास रुसते.

डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल धरते. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा, प्लगच्या वायरी पुसा, चालू होईल. दरवेळी होत असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि दिवे न लावता बघा. फुटक्या वायरींवरून निळ्या ठिणग्या धावताना दिसतात. जिथे दिसतील तो भाग बदला. चालू इंजिनमध्ये हात घालू नका, पंख्यापासून ओढणी-उपरणं लांब ठेवा.

११. मुलाकडे पुण्याला होतो, गाडी आठ महिने उभी. लगेच सेल्फ मारू का?

नको. आधी बॉनेट उघडून नीट बघा. ऊस-ज्वारीच्या पट्ट्यातली उभी गाडी म्हणजे उंदरांचं घर. वायरी कुरतडलेल्या असताना बॅटरी जोडली तर जाळ होऊ शकतो. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का, सायलेन्सरच्या तोंडात काही कोंबलं गेलंय का, तेही बघा.

नंतर ऑइल आणि पाणी बघा, बॅटरी बाहेर काढून चार्ज करा. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवा. अडकत नसेल तर प्लगशिवाय थोडा सेल्फ मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. जुनं पेट्रोल काढून टाका. वार्निशसारखा आंबूस वास येत असेल तर त्यावर गाडी चालू करायचा हट्ट नको. पॉइंटवर गंजाचा पापुद्रा नक्की असणार, तो प्रश्न ६ प्रमाणे साफ करा.

१२. आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझी ९६ ची मारुती त्यामुळेच चालू होत नाही का?

एका टाकीने गाडी बंद पडत नाही, पण काळजी रास्त आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. पाइप फुगतात, मऊ पडतात, आतून सुटून जेटमध्ये अडकतात. पंपाचा पडदा कडक होतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमकं तेच ओढतो. तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. पाइप आणि पंपाचं किट इथेनॉलला टिकणारं घ्या, फिल्टर लवकर बदला आणि गाडी पंधरवड्यातून एकदा तरी फिरवा.

१३. ओम्नी एलपीजीवर चांगली चालते. पेट्रोलवर टाकली की चालूच होत नाही.

सतत गॅसवर चालवल्याने कार्बोरेटर सुकतो, जेटमध्ये डिंक बसतो, सुई चिकटते. स्विच पेट्रोलवर करून पेट्रोलच्या सोलेनॉइडचा 'टक' आवाज येतो का बघा. येत असेल तर कार्बोरेटर साफ करून घ्या आणि रोजचे पहिले दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवायची सवय लावा. उलट गॅसवर चालू होत नसेल आणि गॅसचा वास येत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा आणि गाडी किटवाल्याकडे न्या. गॅसच्या जोडण्या घरी सोडवू नका.

१४. डिझेल गाडीचं काय? तिला तर प्लगच नसतात.

स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे प्रश्न ५ आणि ६ इथे गैरलागू. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. म्हणून सेल्फ जोरात फिरायला हवा. जो वेग पेट्रोल गाडीला पुरतो, तो डिझेलला पुरत नाही.

जुन्या जीपला बंद करायची ओढायची केबल असते. ती ओढलेलीच राहिली नाही ना, हे आधी बघा. इंडिकासारख्या गाड्यांत इंजेक्शन पंपावर सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केल्यावर 'टक' आवाज नाही, तर वायर किंवा सोलेनॉइड गेला. मग हवा. डिझेल संपू दिलं, फिल्टर बदलला किंवा पाइप सैल झाला की लाइन हवा पकडते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड प्रायमर (हाताने दाबायचा पंप) दाबत राहा, फेस जाऊन निखळ डिझेल आलं की दाबता दाबताच स्क्रू आवळा. तरीही पेटेना, तर इंजेक्टरच्या नळीचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारतात. तिथला दाब प्रचंड असतो, धार कातडीतून आत घुसते. बोट जवळ नेऊ नका, डोळ्यांना चष्मा हवा. खरं तर ते काम जाणत्याकडेच द्या.

जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या गार पहाटे रडणारी आणि दुपारी खुशाल चालू होणारी इंडिका असेल, तर हीटर प्लग बघा. टेस्ट लँपचा क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, टोक वायर काढलेल्या हीटर प्लगच्या डोक्याला टेकवा. लँप लागला नाही तर तो प्लग गेला. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतातच.

१५. किल्ली धरून ठेवली की इंजिन पेटतं, सोडली की लगेच बंद.

मेकॅनिक गोंधळतात ती जागा ही. सेल्फ मारताना कॉइलला एका वाटेने करंट मिळतो, किल्ली सोडल्यावर दुसऱ्या वाटेने. ही दुसरी वाट तुटली आहे: इग्निशन स्विचचा 'ऑन'चा कॉन्टॅक्ट किंवा, असेल तर, बॅलास्ट रेझिस्टर. सेकंद-दोन सेकंद चालून विझत असेल तर कार्बोरेटरवरचा फ्युएल कट सोलेनॉइडही तपासा.

याच्या नेमकं उलटही घडतं. सेल्फ फिरत असताना काही नाही आणि किल्ली सोडता सोडता इंजिन 'भक्' करून पेटतं. तिथे बॅटरी अशक्त आहे. सेल्फ सगळं व्होल्टेज खातो आणि कॉइलला उरत नाही. प्रश्न ३ पुन्हा वाचा.

१६. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरायला लागलाय. चांगलं लक्षण का?

अजिबात नाही. सेल्फ मारणं तिथल्या तिथे थांबवा. कॉम्प्रेशनचा अडथळाच उरलेला नाही, म्हणजे बहुधा टायमिंग बेल्ट तुटलाय. ऑइलचं झाकण उघडा आणि कोणाला तरी सेल्फचा एकच हलका झटका द्यायला सांगून आत रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या) हलतात का ते बघा. मारुती ८०० सारख्या, डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालणाऱ्या गाडीत कॅप काढून रोटर फिरतो का बघितलं तरी कळतं. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला आदळतो, प्रत्येक जादा फेऱ्यात नुकसान वाढतं. धक्का मारणं तर नकोच.

१७. गाडी पुराच्या पाण्यात होती. वरून वाळलीय, चालू करू का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरानंतर मोहोळ-माढ्याकडून हा प्रश्न खूप आला. कळकळीने सांगतो, किल्लीला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा. ऑइलची काडी काढून बघा. चहासारखा दुधी रंग असेल तर आत पाणी आहे. प्लग (डिझेलला हीटर प्लग किंवा इंजेक्टर) काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल बदला, टाकी रिकामी करा. विमा असेल तर आधी कंपनीला कळवून फोटो काढा. पाण्यातली गाडी चालू केल्याने इंजिनचं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.

१८. हायवेवर बॅटरी उतरली. ट्रकवाले दादा जंप देतो म्हणतात. घेऊ का?

त्यांच्या मदतीबद्दल आभार माना, पण मोठ्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. तुमच्या गाडीच्या १२ व्होल्टवर ते जोडलं तर बल्ब, कॉइल, अल्टरनेटर जळतील आणि बॅटरी फुटूही शकते. दुसऱ्या कारची बॅटरी घ्या. क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो, म्हणून शेवटची ठिणगी दूर व्हावी.

धक्का मारायचा तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडा. बॅटरी पार शून्य असेल तर कॉइललाच करंट नाही, मग कितीही ढकला. अँबॅसिडरला हँडल मारत असाल तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीने आवळू नका आणि हँडल खालून वर ओढा. टायमिंग पुढे असेल तर ते उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं.

१९. माझी ८०० एमपीएफआयवाली आहे. हेच सगळं लागू का?

प्रश्न १ ते ४ जसेच्या तसे. पुढे फरक आहे, कारण एमपीएफआयमध्ये कार्बोरेटर नसतो, ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. किल्ली ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंद गुणगुणता आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज आणि रिले आधी, पंप नंतर. चेक इंजिनचा दिवा किल्ली ऑन केल्यावर लागलाच नाही, तर ईसीएमला वीजच मिळत नाही. करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब असतील तर इंजिनची फेरी ओळखणाऱ्या (क्रँक किंवा कॅम) सेन्सरवर संशय घ्या, कारण त्याच्याच इशाऱ्यावर ईसीएम दोघांना हुकूम देतो. इथे स्कॅनर लावून घेणंच स्वस्त पडतं.

२०. सगळं केलं. करंट निळा, प्लग ओला, सेल्फ जोरात. तरी नाही! फक्त मधूनच कार्बोरेटरमधून भडका येतो.

कार्बोरेटरमधून भडका किंवा सायलेन्सरमधून बार म्हणजे स्पार्क चुकीच्या वेळी पडतोय. पहिला प्रश्न: नुकतंच कोणी प्लगच्या वायरी काढल्या होत्या का? पद्मिनी आणि अँबॅसिडरचा फायरिंग क्रम १-३-४-२, तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा १-३-२. दोन वायरी अदलाबदल झाल्या की वरची सगळी लक्षणं मिळतात. क्रम बरोबर असेल तर डिस्ट्रिब्युटर सैल होऊन फिरलाय का, चेन किंवा बेल्ट एखादा दात सरकलाय का, ते बघा.

तेही ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेजने मोजा. आकडा कमी आला तर भोकात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्येच कमी असेल तर मधलं हेड गॅस्केट फुटलंय.

आणि एक शेवटची जागा, जी कोणाच्याच यादीत नसते: सायलेन्सर. आतला पत्रा गंजून कोसळला की धूर बाहेर जात नाही, म्हणून नवी हवा आत येत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धरा. फुंकर जाणवली नाही, तर मॅनिफोल्डखालचा जोड सैल करा आणि परत सेल्फ मारा. कुर्डुवाडीहून आलेल्या एका पद्मिनीला तीन महिने तीन ठिकाणी फिरवलं होतं, कार्बोरेटरही नवा बसवला होता. तो एक जोड सोडवला आणि ती पहिल्या सेल्फला पेटली.